त्या मॅचला कुणीच गेलं नव्हतं

नव्वद साली इटलीतल्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या वेळी आमची आयर्लंडची टीम पोपसाहेबांच्या भेटीला गेली होती. हिरवे ट्रॅकसूट घातलेले दांडगे गडी शाळकरी मुलांसारखे शहाणे होऊन बसलेले, आणि समोर साक्षात पोप. आमची सगळी गल्ली टीव्हीसमोर डोळे पुसत होती. मी उठून टीव्ही बंद केला.

"अगं, बघू दे की," मॅलकी म्हणाला. मॅलकी ब्रॅनिगन, माझा नवरा.

"तू बघ. मला भांडी घासायचीयत."

भांडी केव्हाच घासून झाली होती. पण मला ते बघवेना. पस्तीस वर्षांपूर्वी एका फुटबॉल मॅचपायी आमचं जे व्हायचं ते झालं होतं, आणि आता तोच फुटबॉल रोममध्ये आशीर्वाद घेत होता. माझा संताप झाला. अजूनही होतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक गृहस्थ दारात आले. पोट सुटलेलं, काखेत फाइल. आयर्लंडच्या टीमबद्दलच्या कुणाला ठाऊक नसलेल्या गोष्टी गोळा करायचा त्यांना नाद होता.

"पंचावन्न साली, युगोस्लाव्हियाच्या मॅचला आयर्लंडची बादली ज्यांनी धरली, ते मिस्टर ब्रॅनिगन आपणच ना?" त्यांनी विचारलं. "एकाच मॅचपुरते देशाचे ट्रेनर! किती शोधलं तुम्हाला!"

मॅलकीनं माझ्याकडे बघितलं. मी चहाचं आधण ठेवायला आत गेले. तो त्यांना काय म्हणाला ते सांगते, पण आधी पंचावन्न साली काय झालं ते सांगितलं पाहिजे.

तेव्हा मॅलकी एका बेकरीची पावाची गाडी चालवायचा, आणि उरलेला सगळा वेळ डॅलिमाउंटच्या मैदानावर. ते मैदान डब्लिनमधल्या आमच्या फिब्सबरो भागातच, मागच्या आळीत. बॉलमध्ये हवा भरायची, बुटांचे खिळे ठोकायचे, खेळाडूंच्या पोटऱ्या चोळायच्या, कुणी पडला की बादली आणि स्पंज घेऊन धावायचं. पायाला लागू दे, डोक्याला लागू दे, औषध एकच: गार पाण्याचा स्पंज. आणि तोंडाचा पट्टा चालूच. कुणी विचारो न विचारो, हा सांगणार की आयर्लंड नावाच्या दोन टीम होत्या, एक बेलफास्टची, एक डब्लिनची, आणि शेहेचाळीस साली दोन गडी शनिवारी एका आयर्लंडकडून इंग्लंडशी खेळले आणि सोमवारी दुसऱ्या आयर्लंडकडून पुन्हा त्याच इंग्लंडशी. किंवा असा कोण, जो देशासाठी गोलकीपर म्हणून उभा राहिला आणि पुढे देशासाठीच पेनल्टीवर गोलही मारून आला? जेवताना हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

आम्हाला मूल नव्हतं. खूप वाट पाहिली, नवस केले, डॉक्टर केले. शेवटी फादर लेनिहननीच सुचवलं की चर्चच्या सिस्टरांच्या अनाथाश्रमात जाऊन या. तिथं आम्हाला इटा भेटली. दोन वर्षांची, केस तांबूस, आणि अनोळखी माणसाकडे बघून रडायची नाही, नुसती टक लावून बघायची. पहिल्या दिवशी मॅलकीच्या कोटाच्या खिशात त्याचा स्पंज तसाच राहिला होता. त्यानं तो पाण्यात बुडवून तिच्या हातात दिला. तिनं पिळला. पाणी सांडलं आणि ही खुदकन हसली. त्या दिवसापासून दर रविवारी आम्ही दोन बस बदलून जायचो आणि ती लांबच्या लांब व्हरांड्यातून धावत यायची ती थेट मॅलकीच्या खिशाशी.

ती आम्हाला मिळणार हे जवळपास ठरलं होतं. राहिला होता फक्त फादर लेनिहनचा शब्द. घर चांगलं आहे, माणसं धर्माला धरून आहेत, एवढं आमच्या पाद्र्यानं सिस्टरना सांगायचं. ऑक्टोबरातल्या एका रविवारपर्यंत त्यांचा होकार पोहोचला नाही तर अमेरिकेतलं एक जोडपं रांगेत होतं. तेव्हा अशी किती मुलं अमेरिकेला गेली, त्याची मोजदाद कुणी केली असेल असं मला वाटत नाही.

"सेप्टा, काळजी करू नकोस," फादर मला म्हणाले होते. "शनिवारी रात्री मी सिस्टरना फोन करतो."

मी त्याच आठवड्यात पाळणा रंगवला. दोन वर्षांच्या मुलीला पाळणा कशाला, असं शेजारच्या बार्टी क्विर्कची बायको डिंपना म्हणाली. मला रंगवायचा होता.

आणि त्याच आठवड्यात युगोस्लाव्हियाची टीम डब्लिनला आली.

त्या कम्युनिस्टांनी तिकडच्या कॅथलिक आर्चबिशपना, म्हणजे मोठ्या धर्मगुरूंना, तुरुंगात टाकलं होतं. त्यांच्याशी खेळायचं नाही, असं आमच्या आर्चबिशपनी कळवलं. मॅच भरवणारे मॅच होणारच म्हणून अडून बसले. मग एकेकानं अंग काढून घेतलं. राष्ट्रपती येणार नाहीत. लष्कराचा बँड वाजणार नाही. रेडिओवर मॅचचं वर्णन करणारे गृहस्थ म्हणाले, मी माइकसमोर बसणार नाही. आणि टीमचा ट्रेनर म्हणाला, मीही नाही.

सोमवारी संध्याकाळी मॅलकी घरी आला तेव्हा त्याचे पाय जमिनीवर टेकत नव्हते.

"सेप्टा! मला विचारलं! बुधवारी बादली मी धरायची. आयर्लंडची!"

"आणि तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? हो म्हणालो!"

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" माझा आवाज डिंपनाच्या घरापर्यंत गेला असणार. "फादरना कळलं तर? इटाचं काय?"

तो मटकन खुर्चीत बसला. शप्पथ सांगते, तोवर त्याच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. आयर्लंड म्हटलं की त्याचं बाकी सगळं बंद पडायचं. तो आपल्या तळहातांकडे बघत राहिला.

"एकदाच मिळतं हे, सेप्टा," तो म्हणाला.

"इटाही एकदाच मिळते."

मंगळवारी कामावरून परस्पर गेला आणि नाही सांगून आला. पण संध्याकाळच्या पेपरात तोवर छापून झालं होतं: बादली धरणार फिब्सबरोचे मॅलकी ब्रॅनिगन. मैदानात विकायच्या पुस्तिकेतही नाव चढलं होतं. मॅच भरवणारा माणूस म्हणाला, आता काय बदलणार, असू दे.

बुधवारी दुपारी मॅलकीनं बेकरीतून सुट्टी घेतली आणि घरी येऊन पडदे ओढले.

"पडदे कशाला?"

"गल्ली सगळी मॅचला चाललीय. बेकरीत अडकलो म्हणता येईल, पण घरी बसलेला दिसलो तर उद्या तोंड दाखवायला जागा नाही. शेपूट घातली म्हणतील."

पाद्र्याला भिऊन घरात बसायचं आणि मित्रांना भिऊन लपून बसायचं, असा माझा नवरा. मी हसले तेव्हा. त्या पडद्यांपायी पुढे किती रडावं लागणार होतं ते ठाऊक नव्हतं.

मैदान इतकं जवळ की गर्दीचा आवाज स्वयंपाकघरात यायचा. एरवी रेडिओ असायचा, त्या दिवशी रेडिओ मुका. मॅलकी टेबलाशी बसून नुसत्या आवाजावरून मॅच बघत होता. "कॉर्नर मिळाला," म्हणायचा. "गेली बाहेर." मग सगळं एकदम शांत झालं की म्हणायचा, "खाल्ला गोल." चार वेळा तशी शांतता पसरली. एकदाच छप्पर उडेल असा आरडाओरडा झाला, तेव्हा तो उभा राहिला आणि पुन्हा बसला. मध्येच कधीतरी म्हणाला, "कुणीतरी पडलंय." आणि त्याचा हात खिशातल्या स्पंजकडे गेला.

गुरुवारी फादर लेनिहन आले. हातात सकाळचा पेपर. त्यातही तेच नाव, मंगळवारच्या पेपरातलं उचलून छापलेलं. ते बसले नाहीत.

"मॅलकी, मला तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"फादर, मी गेलोच नाही. मी घरी होतो."

फादर हसले, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "सकाळपासून ज्याला विचारतोय तो हेच सांगतोय. पोस्टमन घरी होता. खाटीक घरी होता. गवंडी आजारी आईपाशी होता. वीस हजारांवर माणूस होतं त्या मैदानात. ते काय आकाशातून पडलं?"

"फादर, तो खरंच घरी होता," मी म्हणाले. "इथं, या टेबलाशी."

"तू त्याची बायको आहेस, सेप्टा."

"मॅच भरवणाऱ्यांना विचारा!"

"आर्चबिशपना ज्यांनी जुमानलं नाही, त्यांच्या शब्दावर मी मूल देऊ?" त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. मग दारात थांबले. ते दुष्ट नव्हते, हीच पंचाईत. "एक माणूस आणा. चारचौघांत उठबस असलेला. मी तिथं होतो आणि बादली दुसऱ्याच्या हातात होती, एवढं त्यानं मला सांगावं. मी त्याला काही करणार नाही. शनिवारपर्यंत."

रेडिओ चालू असता तर मैदानात कोण धावतोय ते सगळ्या देशानं ऐकलं असतं. फादरनीही ऐकलं असतं, एकही मॅच ते सोडत नसत. पण धर्मासाठी रेडिओ बंद होता.

आम्ही दारोदार फिरलो. आधी गेलो त्या माणसाकडे, ज्यानं खरोखर बादली धरली होती. तो हात जोडून म्हणाला, "मॅलकी, पाया पडतो, माझं नाव घेऊ नकोस. माझं नाव पेपरात नाही हेच माझं नशीब. माझा भाऊ पाद्री आहे रे." मग पोस्टमनकडे. मग खाटकाकडे. खाटकाच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं चौथा गोल कुणाच्या चुकीनं झाला यावर भांडत होती. आम्ही आत पाऊल टाकलं तसा विषय बदलून हवापाण्यावर आला.

"तू मॅचला होतास ना?" मॅलकीनं खाटकाला विचारलं.

"मी? कुठली मॅच?"

बार्टी क्विर्क शेजारचा, मॅलकीचा जिवलग मित्र. त्याचा घसा पार बसला होता.

"ओरडून ओरडून बसलाय," मी म्हणाले.

"सर्दी झालीय गं."

"बार्टी, तू होतास. जाताना मी पडद्याच्या फटीतून बघितलं तुला. फादरना एवढं सांग, की मॅलकी नव्हता. बाकी काही नको."

तो रडकुंडीला आला. तो सिस्टरांच्याच शाळेत शिपाई होता. पोरं पाच. डिंपना मागून येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली, आणि तो हात धीर द्यायला नव्हता, धरून ठेवायला होता. "बघतो," बार्टी म्हणाला. "काहीतरी करतो, सेप्टा. देवाशप्पथ."

शुक्रवार असाच गेला. मी पाळण्याकडे बघत नव्हते. मॅलकी जेवला नाही. त्याच्या तोंडून फुटबॉलचा शब्द निघेना, आणि मला वाटलं, बोल रे काहीतरी, त्या दोन आयर्लंडांचं तरी सांग.

शनिवारी दुपारी चर्चमध्ये पापांच्या कबुलीची वेळ असते. चार वाजून गेल्यावर बार्टी धावतपळत आमच्या दारात आला. चेहरा नुसता उजळलेला.

"सांगितलं! सेप्टा, मॅलकी, सांगून आलो! फादरना सगळं सांगितलं. मी मॅचला गेलो, आणि बादली दुसऱ्याच माणसाकडे होती, मी डोळ्यांनी बघितलं!"

मॅलकीनं त्याला मिठी मारली. मी त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"आणि मी एकटा नाही," बार्टी म्हणाला. "पोस्टमननं सांगितलं. खाटकानं सांगितलं. गवंड्यानंही. आमची रांग दारापर्यंत गेली होती! सगळ्यांनी ठरवूनच..."

"रांग?" मी म्हणाले. "कसली रांग?"

"कबुलीची गं."

मला आधी कळलं. मग मॅलकीला. बार्टीला शेवटपर्यंत कळलं नाही. कबुलीच्या त्या जाळीमागे जे ऐकलं ते फादरला बाहेर आणता येत नाही. कुणाला सांगता येत नाही, त्यावरून काही करता येत नाही, प्राण गेला तरी. आम्ही हे पहिल्या कबुलीच्या आधी, सात वर्षांचे असताना घोकून पाठ केलेलं. अख्ख्या गल्लीनं खरं सांगितलं होतं, आणि जिथं खऱ्याचा काडीइतका उपयोग नाही अशा एकमेव जागी सांगितलं होतं.

मी तशीच चर्चकडे पळाले. फादर कबुलीच्या खोलीतून बाहेर येत होते. चेहरा पांढराफटक. मला बघून ते थबकले.

"फादर, तुम्हाला आता कळलंय."

त्यांनी मान फिरवली.

"तुम्हाला माहितेय की तो नव्हता! निम्म्या गल्लीनं तुमच्या कानात सांगितलंय!"

"सेप्टा," ते अगदी हळू म्हणाले, "मला कुणीही काहीही सांगितलेलं नाही." त्यांनी जपमाळ खिशात टाकली. "कुणाला तरी पाठव. माझ्या दारावर. उजेडात. एकजण पुरे. मी फोनपाशीच बसतो. हात जोडतो, कुणाला तरी पाठव."

एका पाद्र्यानं मला हात जोडले. मी परत पळाले. बार्टीच्या दारावर दोन्ही मुठींनी धडका दिल्या. दार डिंपनानं उघडलं, फटीएवढं.

"त्यानं सांगितलं ना एकदा?" ती म्हणाली. "आता आणखी काय हवंय तुम्हाला? पोरं उपाशी मारू?"

"डिंपना, फक्त फादरच्या दारापर्यंत! ते काही करणार नाहीत!"

"फादर नाही करणार. सिस्टर करतील." मागून बार्टीचा बसलेला आवाज आला, "मी सांगितलं गं, सेप्टा, मी खरंच सांगितलं," आणि दार लागलं. मी खाटकाकडे गेले, पोस्टमनकडे गेले. पापं धुऊन आलेली माणसं, सगळ्यांचे चेहरे कसे हलके झाले होते. माझं काम झालं, आता देव बघेल, असं म्हणून त्यांनी दारं लावून घेतली. अंधार पडला तेव्हा फादर लेनिहनच्या घरात दिवा लागला. तो लवकर मालवला नाही.

रविवारी आम्ही तरीही गेलो, दोन बस बदलून. सिस्टर दारातच उभ्या होत्या.

"तुमच्या फादरचा फोन आला नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे आला. पण मी होकार देऊ शकत नाही, असं म्हणाले. आणि रडले. काय प्रकार आहे हा?"

तेवढ्यात व्हरांड्याच्या त्या टोकाला इटा दिसली. रविवार तिला कळायचा. ती धावत आली, सिस्टरच्या झग्याला वळसा घालून, आणि मॅलकीच्या खिशात हात घातला. स्पंज होता. कोरडाच. तिनं पिळला, पाणी आलं नाही, तशी तिनं मान वर करून मॅलकीकडे बघितलं.

"ठेव तुला," मॅलकी म्हणाला. "पाणी मिळेल तिकडे."

गुरुवारी ती विमानानं गेली. पाळणा मी डिंपनाच्या दारात ठेवून आले. तिनं तो घेतला.

आता त्या गृहस्थांचं सांगते. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा त्यांनी फाइल उघडली होती.

"मग मिस्टर ब्रॅनिगन, त्या दिवशी तुम्ही खरंच मैदानात धावलात?"

माझ्या ओठांवर आलं होतं. नाही, तो इथं, याच टेबलाशी बसला होता, विचारा मला. पस्तीस वर्षं हेच मी ओरडून सांगत होते. पण मॅलकी ताठ बसला.

"धावलो," तो म्हणाला. "दुसऱ्या हाफमध्ये आपला एक गडी पडला होता."

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्यानं माझी नजर चुकवली नाही. मला कळलं. त्या मॅचला गेल्याची पुरेपूर शिक्षा आम्ही भोगली होती, मग मॅच तरी त्याची का नसावी?

गृहस्थ भराभर लिहून घेत होते. "आणि तो स्पंज? अजून आहे का हो तुमच्याकडे? अशा वस्तू आता बघायलासुद्धा मिळत नाहीत."

"नाही," मॅलकी म्हणाला. "तो अमेरिकेत आहे. आमच्या मुलीकडे."